आधी घोडा, मग स्वार

इतिहासातील लढाया टेबलावर मांडून खेळण्याचा जो छंद ‘वॉरगेमिंग’ या नावाने ओळखला जातो, त्यात सैन्य उभे करताना सर्वांत जास्त पैसा, वेळ आणि विचार घोडदळावर खर्च होतो. पायदळाचा शिपाई म्हणजे एकच मूर्ती असते. स्वार म्हटला की दोन शरीरे आली, त्यांच्यामधले खोगीर, लगाम, रिकीब आणि शस्त्रे आली, आणि या सगळ्यांचा एकमेकांशी असलेला तोलही आला. शिवाय मूर्ती बनवणारे कारखाने ज्या सैन्यांना गिऱ्हाईक आहे त्यांचेच साचे काढतात. त्यामुळे नेपोलियनचे हुसार आणि वॉटर्लूचे ड्रॅगून कोपऱ्याकोपऱ्यावर मिळावेत इतके मुबलक असतात, पण दौलतराव शिंद्यांच्या किंवा नागपूरकर भोसल्यांच्या फौजेतील शिलेदार हवा असेल, तर अनेकदा कोणत्यातरी परक्या सैन्यातला स्वार घेऊन त्याला कापून, जोडून आणि नवे कपडे चढवून मराठी करावा लागतो. या कामाला त्या छंदात रूपांतर म्हणतात.

या खेळाचे स्वरूप थोडक्यात असे, की साधारण सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर टेकड्या, नद्या, गावे मांडली जातात, दोन्ही बाजूंच्या मूर्ती लहान पट्ट्यांवर चिकटवून तुकड्या केल्या जातात, त्यांची चाल फूटपट्टीने मोजली जाते आणि गोळीबाराचा व हातघाईचा निकाल फाशांनी लागतो. त्याचे मूळ लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट गेओर्ग फॉन राइसविट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगस्पील’ या खेळाचे नियम सिद्ध केले. पण त्या खेळात नकाशा होता, पलटणी दाखवणारे ठोकळे होते, मूर्ती नव्हत्या. मूर्ती आल्या त्या मुलांच्या खेळण्यांतून. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून आतून पोकळ अशा शिशाच्या शिपायांचे ओतकाम सुरू केले, ते शिपाई स्वस्त झाले, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने अशाच शिपायांनी खेळायच्या युद्धाचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात मांडले. त्याच्या नियमांत पायदळाचा शिपाई एका खेपेला एक फूट चाले आणि स्वार दोन फूट. घोडदळाचे सारे वेगळेपण वेल्सला एवढ्या एका आकड्यात बसवता आले, आणि आजच्या जाडजूड नियमपुस्तकांकडे पाहता ते फारसे चुकलेही नाही.

रूपांतराची खरी परंपरा मात्र प्लास्टिकने घडवली. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५९ पासून १:७२ च्या आसपासच्या प्रमाणातील, म्हणजे माणूस सुमारे एक इंचाचा होईल अशा, मऊ प्लास्टिकच्या शिपायांचे खोके विकायला सुरुवात केली. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आले आणि शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशात सैन्य उभे राहू शकते हे अनेकांच्या लक्षात आले. अडचण एकच होती, ती म्हणजे खोक्यांचे विषय मोजके होते. वॉटर्लूच्या मालिकेत फ्रेंच क्युरासिए, म्हणजे छातीवर पोलादी कवच घालणारे जड स्वार, मिळत आणि ब्रिटिश हुसार मिळत, परंतु त्याच रणांगणावर इतिहासात गाजलेले करड्या घोड्यांवरचे स्कॉटिश ड्रॅगून मिळत नसत. मग क्युरासिएच्या धडावर दुसऱ्याचे डोके बसवणे, अरबांच्या खोक्यातले घोडे रोमनांच्या शत्रूंना देणे, तलवार कापून तिथे तापवलेल्या टाचणीने भोक पाडून भाला खोवणे असे उद्योग सुरू झाले. मऊ प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही आणि रंगही पोपडे धरून निघतो, म्हणून मानेतून टाचणी आरपार घालून डोके अडकवायचे आणि रंगाच्या आधी पातळ पांढऱ्या गोंदाचा हात द्यायचा, या युक्त्या त्या पिढीने शोधल्या; त्या आजही उपयोगी पडतात.

आज बाजारात चार प्रकारच्या मूर्ती दिसतात. शिसे-कथलाच्या मिश्रधातूच्या मूर्ती रबरी साच्यात फिरवून ओततात. त्या जड असतात, वाकवता येतात, पण घोड्याचे घोटे वारंवार वाकवले की तुटतात. मऊ प्लास्टिकचे १:७२ चे संच इटालेरी, झ्वेझ्दा, हॅट अशा कंपन्या काढतात. कठीण प्लास्टिकच्या २८ मिलिमीटरच्या संचांत पेरी बंधू आणि व्हिक्ट्रिक्स ही ब्रिटिश नावे मोठी आहेत, आणि रूपांतर करणाऱ्याला हेच द्रव्य सर्वांत सोयीचे पडते, कारण त्याचे तुकडे द्रावकाने एकमेकांत विरघळून एकजीव होतात आणि डोकी, हात, धड बहुधा सुटेच मिळतात. चौथा प्रकार घरगुती त्रिमितीय मुद्रकावर राळेतून छापलेल्या मूर्तींचा. याखेरीज जुन्या मूर्तींचा एक मोठा साठा हातोहात फिरत असतो. लंडनमध्ये दरवर्षी भरणाऱ्या ‘सल्यूट’सारख्या मेळाव्यांत किंवा लिलावांत कोणाच्या तरी निवृत्त झालेल्या सैन्यातले रंग उडालेले घोडे किलोच्या भावाने वाटावेत इतके स्वस्त मिळतात, आणि शोध घेणाऱ्याने नव्या कोऱ्या खोक्यांपेक्षा आधी तिकडेच पाहावे.

शोधताना पहिला घोळ मापाचा होतो. २८ मिलिमीटर म्हणजे तळव्यापासून डोळ्यांपर्यंतची उंची की टाळूपर्यंतची, याबद्दल कारखान्यांत एकवाक्यता नाही, आणि काहींच्या मूर्तींची डोकी व हात मुद्दाम मोठे केलेले असतात, जेणेकरून रंगवायला सोपे जावे. दिवाळीतल्या किल्ल्यावर मावळ्यापेक्षा बुरूज लहान असला तरी कोणी हरकत घेत नाही. येथे मात्र एकाच तुकडीत दोन कारखान्यांचे स्वार शेजारी उभे केले, की कोणी पोरगेलासा आणि कोणी पैलवान दिसू लागतो. त्यामुळे अनुभवी संग्राहक नावावरच्या मापावर विसंबत नाहीत, ते घोड्याची खांद्याजवळची उंची स्वतः मोजतात. येथेच या कामातला महत्त्वाचा क्रम ठरतो, आणि नवखे लोक तो बहुतेक वेळा उलटा धरतात. त्यांना पगडी, तलवार, अंगरखा यांची काळजी असते, म्हणून ते आधी स्वार शोधतात. वास्तविक स्वाराचे डोके पाच मिनिटांत बदलते, हात बदलतो, कपडे चढवता येतात. घोड्याची ठेवण, उंची आणि चाल बदलणे मात्र जवळजवळ नवी मूर्ती घडवण्याइतके कष्टाचे असते. म्हणून घोडा आधी शोधावा.

असईच्या लढाईचे उदाहरण घेतले तर हे नीट कळते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ही लढाई झाली. इंग्रजांकडे आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, होता. समोर दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांची फौज होती, जिच्यातील कवायती पलटणींचे नेतृत्व अँथनी पोलमान या हॅनोव्हरच्या माणसाकडे होते. इंग्रजी घोडदळात १९ वी लाइट ड्रॅगून्स ही गोरी पलटण आणि मद्रासच्या ४, ५ व ७ क्रमांकाच्या देशी घोडपलटणी होत्या, आणि त्यांचा सेनापती कर्नल मॅक्सवेल याच लढाईत पडला. वेलिंग्टनच्या चरित्रामुळे इंग्रज खेळाडूंमध्ये ही लढाई लोकप्रिय आहे, तरी तिच्यातल्या मराठी घोडदळाचे तयार संच युरोपातल्या कोणत्याही पलटणीच्या मानाने फार थोडे निघाले आहेत.

आता घोड्यांचे गणित. ड्रॅगूनांच्या जनावराची उंची इंग्रजी मोजणीत १५ हँड धरली, तर चार इंचांचा एक हँड या हिशेबाने ती १५२ सेंटिमीटर होते. २८ मिलिमीटरच्या मूर्तींचे प्रमाण ढोबळमानाने १:५६ मानले, तर असा घोडा खांद्यापाशी २७ मिलिमीटर भरला पाहिजे. दख्खनी तट्टू, भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडी ज्या वाणाची ती जात, याहून बुटकी, काटक आणि मोठ्या पल्ल्याची होती. तिच्यासाठी १३ हँड, म्हणजे १३२ सेंटिमीटर, धरले तर उंची साडेतेवीस मिलिमीटरच्या आसपास येते. साडेतीन मिलिमीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण टेबलावर ड्रॅगूनांची ओळ आणि शिलेदारांची ओळ समोरासमोर आली की तोच फरक दोन सैन्यांचा स्वभाव सांगतो. म्हणून मराठी स्वारासाठी आजच्या धिप्पाड घोड्यांऐवजी जुन्या २५ मिलिमीटर मालिकांतले लहान घोडे शोधणे फायद्याचे ठरते. ज्यांना तेव्हाच्या ग्राहकांनी ‘खुजे’ म्हणून नावे ठेवली असतील, ते येथे नेमके जागी बसतात.

उंचीनंतर चाल पाहावी लागते. जुन्या साच्यांतले भरधाव घोडे पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे ताणून हवेत तरंगताना दाखवलेले असतात, कारण शेकडो वर्षे चित्रकार तसेच काढत आले होते. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने लागोपाठ टिपलेल्या छायाचित्रांनी दाखवून दिले, की धावत्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, ताणलेले असताना नव्हे. तेव्हा खरी चाल हवी की त्या काळच्या चित्रातली, हा संग्राहकाच्या आवडीचा प्रश्न आहे. दोन्ही तऱ्हा एकाच तुकडीत मिसळू नयेत एवढेच. काही कठीण प्लास्टिकच्या संचांत घोडा उजव्या व डाव्या अर्ध्या भागांत येतो आणि हे अर्धे भाग अदलाबदल करता येतात, त्यामुळे थोड्याशा खटपटीत एकाच साच्यातून निरनिराळ्या चाली निघतात. शिलेदारांच्या तुकडीला असे विस्कळीतपण शोभतेच.

घोडा मिळाला की आधी कापाकापी होते. युरोपीय लष्करी खोगिराच्या पुढे पिस्तुलांची दोन म्याने असतात, मागे गुंडाळलेला झगा आणि सामानाची वळकटी असते, खाली कोपरे टोकदार कापलेली झूल असते. हे सारे धारदार चाकूने काढून पाठ गुळगुळीत करावी लागते. त्या जागी जाड गादीचे कापडी खोगीर, त्याला खालून आवळणारा तंग, आणि शेपटीखालून जाणारी दुमची एवढे दाखवले तरी पुरते. ब्रिटिश घोडदळात एके काळी घोड्यांच्या शेपट्या आखूड तोडण्याची चाल होती, त्यामुळे त्या काळातल्या पलटणींच्या मूर्तींना कित्येकदा बुंधेवजा शेपटी असते; मराठी घोड्याला ती लांब, झुबकेदार घडवून द्यावी लागते. लगामाच्या कड्यापासून पुढच्या दोन पायांमधून तंगापर्यंत जाणारा, घोड्याला मान उडवू न देणारा जेरबंद हा अगदी बारीक तपशील असला तरी तो दिसला की घोडा एकदम हिंदुस्थानी वाटतो, आणि तो करायला औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा पातळ पत्रा अर्धा मिलिमीटर रुंद कापून चिकटवला की झाले.

स्वारासाठी कठीण प्लास्टिकमधील मध्ययुगीन अरब किंवा मूर हलके स्वार चांगले पडतात, कारण त्यांचा लांब झगा खोगिरावर दोन्ही बाजूंना आधीच पसरलेला असतो आणि त्याचा अंगरखा सहज होतो. युरोपीय ड्रॅगून लांब रिकिबीत पाय जवळजवळ सरळ सोडून बसतो. पूर्वेकडील हलक्या घोडदळांत आखूड रिकीब आणि वाकलेले गुडघे ही बैठक पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि अरब मूर्तींत ती तयार मिळते. ड्रॅगूनच वापरायचा असेल तर मांडीच्या मागे पाचरीसारखा तुकडा कापून पाय वाकवावा लागतो आणि खाच भरून काढावी लागते. दहा-वीस स्वारांसाठी हे करणे म्हणजे हौसेला शिक्षा आहे.

पागोटे हे या रूपांतरातले सर्वांत नाजूक काम. त्यासाठी दोन घटकांची इपॉक्सी लुगदी वापरतात. परदेशात ती निळ्या आणि पिवळ्या पट्टीच्या रूपात मिळते आणि मळली की हिरवी होते. निळा भाग जास्त घेतला तर ती कडक बनते, पिवळा जास्त घेतला तर मऊ आणि चिकट. भारतात अनेक जण घरातल्या नळाची गळती थांबवणाऱ्या एम-सीलवरच काम भागवतात, जी खरखरीत असली तरी खोगिराला आणि टेकड्यांना उत्तम चालते. अरब स्वाराचा फेटा डोक्यावरून भुवयांपर्यंत कापून घ्यायचा, त्यावर लुगदीची वाटाण्याहून लहान गोळी बसवायची, मग मिलिमीटरभर जाडीची वळी करून अर्धा तास थांबायचे, म्हणजे ती ओढली तरी तुटत नाही. ही वळी एका कानावरून कपाळाच्या दुसऱ्या बाजूकडे तिरपी गुंडाळत जायची आणि पाण्यात बुडवलेल्या सुईने तिच्यावर कापडाच्या पिळाच्या रेघा दाबायच्या. पहिली दोन-चार पागोटी जिलेबीसारखी होतात, त्यानंतर हात बसतो. कमरेला शेला म्हणून लुगदीचीच चपटी पट्टी, आणि तिच्यात खोचलेली कट्यार.

मराठी स्वाराचा भाला बांबूचा आणि लांब असे. साडेतीन मीटरचा भाला १:५६ मध्ये ६२ मिलिमीटर होतो. प्लास्टिकचा भाला एवढ्या लांबीवर पहिल्याच खेळात मोडतो, म्हणून मुठीला बारीक गिरमिटाने भोक पाडून तिथे पाऊण मिलिमीटरची पितळी तार फेव्हिक्विकने बसवावी, आणि तिचे टोक हातोडीने चपटे करून कानशीने पानाच्या आकाराचे घासून घ्यावे. ढाल गोल, सुमारे आठ मिलिमीटर व्यासाची, पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून छिद्रक यंत्राने पाडून घेता येते. तिच्यावर चार फुल्यांचे चार ठिपके दिले की डोळ्याला ओळख पटते.

पुरावा कोठे शोधायचा, हा प्रश्न या टप्प्यावर येतोच. इंग्रजी पलटणींच्या गणवेशाचे हुकूम उपलब्ध असतात. हिंदुस्थानात असलेल्या हलक्या ड्रॅगूनांना निळसर करडा डगला होता आणि १९ व्या पलटणीची कॉलर-बाह्यांची पिवळी कड होती, इतके नेमके सांगता येते. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई, त्यामुळे त्याला गणवेश नव्हता. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या बारगिराकडेही आपल्याला अभिप्रेत असलेली एकसारखी वर्दी नव्हती. येथे चित्रे कामी येतात. टॉमस ब्रॉटन हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्याच छावणीबरोबर फिरत होता, आणि १८१३ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या पत्रांच्या पुस्तकात एका भारतीय चित्रकाराच्या चित्रांवरून केलेले रंगीत पट आहेत. असईनंतर अवघ्या सहा वर्षांचा हा पुरावा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील हत्यारे पाहिली, तर खोगीर, ढाल, तलवारीची मूठ यांचे आकार डोळ्यांत बसतात. चित्रकार दरबारातल्या नटलेल्या स्वाराला जास्त जागा देतो आणि रानोमाळ फिरून मळलेल्या अंगरख्याला कमी, हे ध्यानात ठेवून रंग ठरवावेत; एका तुकडीत भगवे, पांढरे, जांभळे पागोटे शेजारीशेजारी असले तर ते अज्ञान ठरत नाही. घोड्यांतही कुमैत, सब्जा, अबलख, एखादा पंचकल्याणी अशी सरमिसळ असावी.

एका तयार झालेल्या मूर्तीने मन जितके भरते, तितके पुढच्या संख्येने खचते. इंग्रजांचे नियमित घोडदळ सुमारे बाराशे धरले आणि एक मूर्ती म्हणजे वीस माणसे असे प्रमाण ठेवले, तर साठ मूर्ती लागतात. शिंदे-भोसल्यांचे स्वार तीस हजार धरले, तर त्याच प्रमाणात दीड हजार लागतील, आणि असे टेबल घरात मावत नाही. पण असईला त्या घोडदळाचा बहुतेक भाग प्रत्यक्ष झुंजीत पडलाच नाही. निर्णायक लढा तोफा आणि कवायती पायदळाशी झाला. म्हणून जाणकार खेळाडू मराठी घोडदळ संख्येने न मोजता त्याच्या कामाने मोजतात. फिल बार्कर यांच्या नियमांच्या घराण्यात तर हलक्या घोडदळाच्या एका पट्टीवर दोनच मूर्ती असतात, आणि जड स्वारांच्या पट्टीवर तीन किंवा चार. मोकळी जागाच तेथे पांगलेल्या स्वारांची खूण ठरते. साठ-सत्तर रूपांतरित स्वार पुरेसे आहेत, आणि त्यांतला एक हिस्सा दोन्ही बाजूंना वापरता येतो, कारण वेलस्लीबरोबरही पेशव्यांचे मराठी स्वार होते. बापू गोखल्यांचे आणि निपाणकर अप्पा देसायांचे हे घोडदळ त्या दिवशी म्हैसूरच्या स्वारांसह केळणेच्या दक्षिणेला राहिले होते.

मुद्रकाने या साऱ्याला नवे वळण दिले आहे. संगणकावर घडवलेला स्वार विकत घेऊन हव्या त्या मापात छापता येतो, तट्टूची उंची साडेतेवीस मिलिमीटरवर आणायला एक आकडा बदलावा लागतो, आणि पागोटे एकदा घडवले की शंभर डोक्यांवर बसते. त्यामुळे ज्यांना सुई आणि लुगदीत रस नाही, त्यांची सोय झाली. तरीही मूळ अडचण उरतेच, कारण घडवणारा कलाकारही तेच युरोपीय खोगीर आणि तीच सरळ पायांची बैठक नकळत उतरवतो, आणि ती चूक मग शंभर वेळा छापली जाते. शिवाय राळ ठिसूळ असते, त्यामुळे छापलेला भाला कापून टाकून त्या मुठीत पितळी तार बसवण्याचे काम अजूनही हातानेच करावे लागते.